दहापैकी किती?

आत्या रात्री दोनच्या सुमारास उठायची आणि स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर तळपाय टेकून बसायची. फरशीच्या गारव्याने पायांची आग जरा शमायची. दिवसा मात्र त्याच पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी तिला पत्ता लागत नसे. ज्या पायाला स्पर्श कळत नाही तोच रात्रभर जळतो, हे आम्हा घरच्यांना पटायला फार वेळ लागला. मधुमेहाने नसा बिघडतात तेव्हा हेच होतं. सर्वांत लांबच्या, म्हणजे पायांच्या नसांपासून सुरुवात होते. संवेदना नेणारे तंतू झडत जातात आणि बिघडलेले तंतू कारण नसताना वेदनेचे निरोप धाडत राहतात.

अशा दुखण्यावरच्या एका नव्या औषधाच्या चाचणीत ती स्वतःहून सामील झाली. तिला एक वही मिळाली. रोज मागच्या चोवीस तासांतलं दुखणं शून्य ते दहापैकी किती, तो आकडा त्यात लिहायचा. एकदा मी ती वही चाळली. सहा, सात, सात, सहा, आणि तपासणीच्या दिवशी चार. विचारलं तर म्हणाली, "अरे, ती पोरगी इतक्या मायेने विचारते, आजी, आता बरं वाटतंय ना? तिला काय सात सांगू?"

तो चार मला अजून सलतो.

रक्तातली साखर यंत्र सांगतं. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळपायाला टेकवून किंवा कंपन करणारा नादकाटा अंगठ्यावर ठेवून संवेदना किती गेली तेही कळतं. पण दुखतं किती, हे सांगणारं यंत्र नाही. प्रीगॅबालिन आणि ड्युलोक्सेटिन या दोन औषधांना अमेरिकेत २००४ साली याच दुखण्यासाठी मान्यता मिळाली, ती मुख्यतः अशाच आकड्यांच्या बळावर. औषधं उपयोगी आहेत, पण त्यांची मजल मर्यादित आहे. साधारण सहा ते आठ जणांना ती द्यावीत तेव्हा, नुसत्या प्लासिबोने, म्हणजे औषध नसलेल्या गोळीने, जेवढ्यांना बरं वाटतं त्यापेक्षा जास्तीच्या एकाचं दुखणं निम्म्यावर येतं. ज्यांना गुण येत नाही त्यांनी फरशीवर बसून रात्री काढायच्या. भारतात मधुमेह असलेले सुमारे १०.१ कोटी लोक आहेत, असा आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. नवी औषधं हवीत आणि त्यांच्या चाचण्यांना आपली माणसं हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शेजारपाजारचे आत्याला म्हणायचे, "तुझ्यावर प्रयोग चाललाय, उंदरासारखा." मला हे मान्य नाही. उंदराला कुणी साक्ष द्यायला बोलवत नाही. इथे सगळा निकाल आत्याच्या साक्षीवर उभा आहे, आणि म्हणूनच तिचा भिडस्तपणा ही खाजगी बाब उरत नाही. वेदनेच्या चाचणीत औषध नसलेल्या गोळीनेही आकडा उतरतो. अमेरिकेतल्या चाचण्यांत १९९० ते २०१३ या काळात हा प्लासिबोचा आराम वाढतच गेल्याचं संशोधकांना आढळलं. खरी गोळी आणि रिकामी गोळी यांतलं अंतर त्यामुळे आधीच बुजत चाललंय. त्यात दोन्ही गटांतल्या माणसांनी समोरच्याचं मन राखायला चार लिहिला, तर गुणकारी औषधही नापास होईल.

दोष आत्याचा नाही. आपल्याकडे रुग्णाने डॉक्टरांसमोर बरं आहे म्हणायचं, ही रीतच पडून गेली आहे. संमतीपत्राने ती मोडत नाही. औषध-चाचण्यांतल्या गैरप्रकारांविरुद्ध इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, त्यानंतर चाचण्यांचे नियम कडक होत गेले. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि भरपाईही. उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार बाजूला ठेवून प्लासिबो दिल्याने इजा झाली, तर तीही यात धरली जाते. या दुखण्याच्या चाचणीत ही तरतूद मोलाची आहे, कारण सुरुवातीला चालू गोळ्या बऱ्याचदा थांबवतात. केव्हाही कारण न देता बाहेर पडता येतं. हे सगळं आत्याच्या संमतीपत्रात मराठीत छापलेलं होतं. तरीही डॉक्टरांनी आपल्यासाठी निवडून चांगली गोळी दिली, असंच ती समजत होती. 'यादृच्छिक पद्धतीने वाटप' या शब्दांतून तिला काय कळणार? "चिठ्ठ्या टाकल्यासारखं आहे, तुम्हाला कुठली गोळी आली ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं," एवढं म्हटलं असतं तर तिला तत्क्षणी उमजलं असतं. भिशीच्या चिठ्ठ्या तिने जन्मभर काढल्या होत्या.

वेदनेचंही तसंच. मुंग्या, झिणझिण्या, ठणका, चमक, सुया टोचल्यासारखं, कापसावर चालल्यासारखं: आत्याजवळ शब्द भरपूर होते. आधी ते ऐकून घ्यावेत, मग आकडा विचारावा. आणि विचारताना "बरं वाटतंय ना?" यातला तो 'ना' गाळावा. फरक पडला नसेल तर तेच सांगा, आम्हाला तेच हवंय, हे पहिल्या दिवशी कुणीतरी बसून सांगावं. दहा मिनिटांचं काम आहे.

आत्याला ते शेवटी मी सांगितलं. पुढच्या खेपेला तिने सात लिहिला, आणि बसमध्ये घरापर्यंत चुटपुटत राहिली, त्या पोरीला वाईट वाटलं असेल का म्हणून.