इंटरव्ह्यूमधला 'मी'



आजचं चिंतन गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या 26 व्या श्लोकावर. सात्त्विक कर्ता कसा असतो, हे भगवंत इथे सांगतात. त्यातला एक शब्द आहे 'अनहंवादी'. म्हणजे 'मी मी' न करणारा.

आता पंचाईत इथेच होते. इंटरव्ह्यूला बसलं की पहिलाच प्रश्न, 'स्वतःबद्दल सांगा.' मग 'तुम्ही काय केलंत? तुम्हालाच का घ्यावं?' तिथे 'मी' म्हटल्याशिवाय चालणार कसं? भक्ताने काय गप्प बसायचं?

थोडं मागे जा, 14 व्या श्लोकात. कोणतंही कर्म पाच कारणांनी घडतं: शरीर, कर्ता, इंद्रियं, नाना तऱ्हेच्या खटपटी आणि दैव. नीट बघा, यादीत कर्ता आहे. पाचांतला एक, पण आहे! म्हणून पॅनलसमोर 'मी काहीच केलं नाही, सगळी देवाची कृपा' म्हणणं ही नम्रता नाही. (खरं सांगू? त्यातही कधीकधी कौतुकाची भूक असते.) उलट चौघांनी मिळून केलेलं प्रोजेक्ट एकट्याच्या नावावर सांगणं ही तर चोरीच, आणि रेझ्युमेत ती फार सहज होते. 'आम्ही चौघं होतो, डेटाबेसचं काम माझ्याकडे होतं.' या वाक्यात 'मी' आहे, पण जेवढा होता तेवढाच.

मला तर वाटतं, असा माणूस इंटरव्ह्यूत जास्त मोकळा असतो. 'हे मला येत नाही' म्हणताना त्याचा आवाज कापत नाही. सांभाळायला खोटी प्रतिमाच नसते ना! आणि त्याच श्लोकात धृती आणि उत्साहही आहेत, हे आपण विसरतो. निरपेक्ष म्हणजे मरगळलेला नव्हे. तेव्हा शर्टाला इस्त्री करा, कंपनीबद्दल वाचून जा, रात्री वेळेवर झोपा.

आणि नकाराचा मेल आला तर? तेव्हाही तीच पाचांची यादी काढा. जागा एकच असेल, दुसरा खरंच जास्त तयारीचा असेल. 'मीच नालायक' हासुद्धा 'मी'च, फक्त उलटा घातलेला. वाईट वाटेल, वाटू द्या. यश-अपयशात निर्विकार राहणं एका वाचनात जमत नाही. फक्त जिथे अडलात तो प्रश्न वहीत लिहून ठेवा.

उद्या 27 वा श्लोक, राजस कर्त्याचा. ज्यांचा सकाळीच इंटरव्ह्यू आहे, त्यांनी संध्याकाळी वाचला तरी चालेल.