उतराई

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारी गाडी अंकलेश्वर मागे टाकून नर्मदेच्या पुलावर चढली, की तिचा आवाज बदलतो आणि पेंगणारी माणसेही जागी होतात. कुणी हात जोडतो, कुणी खिसा चाचपतो. गेल्या खेपेस माझ्या समोरच्या बाकावर एक आजीबाई नातवाला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली, एक नाणे पोराच्या मुठीत दिले आणि खिडकीतून टाकायला सांगितले.

"आजी, नदीला कशाला पैसे?"

"अरे, ती आपल्याला ओलांडू देते ना!"

पोराचे समाधान झाले. माझे मात्र होईना. नावेने पैलतीरी नेल्याबद्दल द्यावयाच्या भाड्याला हिंदी मुलखात 'उतराई' म्हणतात. आपण मराठीत 'उतराई होणे' म्हणतो ते उपकार फेडण्याला. भाडे आणि फेड यांत अंतर केवढे! भाडे चुकते केले, की नावाड्याशी आपला संबंध संपला. पण फेड? ज्याने एकेकाळी वाट दाखवली, त्याची गरज उरली नाही म्हणून त्याचे देणेही संपते काय?

हा प्रश्न घेऊन उतरायला भरूचइतके योग्य गाव नाही. भृगु ऋषींचे म्हणून भृगुकच्छ, आणि ग्रीकांच्या तोंडी बारिगाझा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडून आलेल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची प्रवासपोथी लिहिली. तीत त्याने या बंदराची भीती मोकळेपणाने सांगितली आहे. मुख अरुंद, तळाशी उथळ वाळू, आणि अमावास्येची भरती अशी, की दूरवरून सैन्य चालून आल्यासारखा घोष ऐकू यावा आणि पाठोपाठ पाणी अंगावर यावे. परके जहाज आपल्या बळावर आत शिरणे कठीणच. म्हणून राजाच्या चाकरीतले इथले कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. भरती लागली की जहाज ओढून पुढे न्यावयाचे, ओहोटी लागली की ठरलेल्या डोहात नांगरून ठेवावयाचे, असे करीत तीनशे स्टेडिया, म्हणजे सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आत आणून पोचवावयाचे. रोमची नाणी, इटलीचे मद्य, तांबे, कथील, पोवळी हे सारे त्या कोळ्यांच्या दोरांना बांधून भारतात आले.

आणि बाहेर काय गेले? इथे आपला संबंध येतो. भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, अशी नोंद त्या पोथीत आहे. पैठणचे गोमेद, तेरची मलमल आणि जाडेभरडे कापड बैलगाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, इथे उतरत असे. सातवाहनांच्या वैभवाचे आपण पोवाडे गातो. त्या वैभवातला मोठा वाटा या कोळ्यांच्या हातून गेला, हे कुणाला आठवत नाही. (त्याच यादीत राजासाठी आणलेल्या मालात चांदीच्या भांड्यांच्या रांगेला गाणारी मुले आणि देखण्या मुलीही आहेत. लेखकाची लेखणी तिथे जराही अडखळत नाही. प्राचीन वैभवाचे गोडवे गाताना ही ओळ वगळून वाचण्याची आपल्याला सवय झाली आहे.)

नाही म्हणायला, एकाला नावाड्यांची आठवण होती. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख नाशिकच्या लेण्यात आहे. त्याने भरूचला उतारूंसाठी निवारे बांधले. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. उतारूकडून घ्यावयाचे ते दात्याने भरले. गौतमीपुत्र सातकर्णीने पुढे नहपानाचा पाडाव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपला छाप उमटवला. नाशिकजवळ जोगळटेंभीला तशा नाण्यांचा मोठा साठा सापडला आहे. राजे बदलले, पाण्यात वाट काढणारे हात तेच राहिले.

त्या हातांची किंमत कशी होत असे, याची एक कथा जातकांत आहे. भरुकच्छात सुप्पारक नावाचा निष्णात तांडेल होता. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेले. तो राजाकडे पारखी म्हणून राहिला. नुसत्या हाताच्या स्पर्शाने तो हत्तीची खोड सांगे, कांबळ्याला उंदराने कुठे कुरतडले आहे ते दाखवी. प्रत्येक वेळी राजा त्याला आठ कार्षापण देई. चार वेळा आठच. सुप्पारक म्हणाला, ही तर न्हाव्याची बिदागी झाली, आणि तो घरी निघून गेला. पुढे व्यापाऱ्यांनी त्या आंधळ्याच्याच हाती जहाज दिले. वादळाने ते अनोळखी समुद्रांत नेले. तिथल्या पाण्यात हिरे आणि सोने होते. सुप्पारकाने ते जाळ्याने गुपचूप काढून घेतले, पण व्यापाऱ्यांना सांगितले नाही. लोभाने त्यांनी जहाज बुडेपर्यंत भरले असते! शेवटी, जाणतेपणी आपण एकाही जिवाला मारले नाही, या सत्याच्या बळावर त्याने जहाज भरूचला परत आणले आणि सारे धन वाटून दिले.

आजच्या भरूचला जहाजे लागत नाहीत. इंग्रज 1616 साली वखार घालून बसले, डच त्यांच्या पाठोपाठ आले. शिंद्यांनी सुमारे वीस वर्षे इथे अंमल केला. 1881 चा गोल्डन ब्रिज अजून उभा आहे, त्याच्या शेजारी 2021 पासून नवा पूल वाहतो. बाजारात खारे शेंगदाणे, हातमागावर विणलेली सुजनी, आणि आसपास रसायनांचे कारखाने. द्रवरूप वायूची प्रचंड जहाजे खाली दहेजच्या धक्क्यावर लागतात. उरली नदी. ती वरच्या बाजूला सरदार सरोवराने अडवली आहे. 2017 साली ते धरण पूर्ण झाले. पावसाळा सरला की भरूचखाली गोडे पाणी थोडके उरते आणि समुद्र आत चालून येतो. अंड्यांसाठी गोड्या पाण्याकडे येणारा हिलसा मासा घटला आणि माछी लोकांचा हंगाम आटला. सप्टेंबर 2023 मध्ये मात्र धरणातून सोडलेले पाणी घराघरांत शिरले. खारे पाणी रोखण्यासाठी आता भाडभूतला बंधारा घातला जात आहे. मासा मग वर कसा येईल, असे माछी विचारतात.

पाणी अडवले ते वाईटच केले, असे मी म्हणणार नाही. कच्छमधल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला असेल, तर त्या सुखाला हलके लेखणारा मी कोण? शिवाय माझे हातही कोरडे नाहीत. त्या धरणाच्या विजेतला 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा. नंदुरबार जिल्ह्यातली आपली 33 गावे त्यात गेली आहेत. आज दारात आपण विजेची तोरणे लावली असतील, तर त्या उजेडात भरूचच्या पाण्याचाही अंश आहे. आपण त्याचे बिल भरतो, आणि बिल भरले की हिशेब मिटला, असे समजतो. त्या राजालाही तसेच वाटले असेल. आठ कार्षापण रोखीने दिले होते, उधारी ठेवली नव्हती! त्याचे चुकले ते एवढेच, की ज्याच्या बोटांवर तो विसंबला, त्याला त्याने मजुरीच्या मापाने मोजले. माछ्याला नुकसानभरपाई किती द्यावी, ही चर्चा आपण करतो. नदीचे काय करावे, हे मात्र त्याला विचारत नाही. आणि दोन हजार वर्षे तेवढे त्यालाच ठाऊक होते.

भरूचला मी ओहोटीच्या वेळी काठावर उतरलो. पुलाखालच्या चिखलात दहा-बारा वर्षांचा एक मुलगा दोरीला चुंबक बांधून फिरत होता. गाडीतून पडलेली नाणी तो वेचत होता. किती मिळतात म्हणून विचारले, तर त्याने मूठ उघडून दाखवली. आजीबाईंचे नाणे त्यात असेल काय, असे मनात आले. एवढ्यात त्याने मान वर करून पश्चिमेकडे कान दिला. मला काहीच ऐकू येत नव्हते. "पाणी आवे छे," तो म्हणाला आणि मला मागून यायची खूण केली. चिखलात पाऊल कुठे ठेवायचे आणि कुठे नाही, हे तो वळून वळून दाखवीत होता. वर कोरड्या पायरीवर पोचल्यावर मी खिशात हात घातला. तोवर तो बराच पुढे निघून गेला होता.