स्पर्शाचे ज्ञान आणि प्रमाणपत्राचा अधिकार

क्रेनिओसेक्रल उपचारपद्धतीत, म्हणजे कवटीपासून त्रिकास्थीपर्यंत हलक्या स्पर्शाने शरीरातील सूक्ष्म लय ओळखल्याचा दावा करणाऱ्या पद्धतीत, सुमारे ५ ग्रॅम वजनाइतका दाब देणारा उपचारक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवतो, तेव्हा त्या कागदाने नेमके काय सिद्ध होते, हा ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान खरे कशावरून मानावे याचा, प्रश्न आहे. सुश्रुतसंहितेने वैद्याकडून शास्त्राचे अध्ययन, प्रत्यक्ष कर्माचा सराव आणि राजाची अनुज्ञा या तिन्ही गोष्टी मागितल्या. महाराष्ट्रात भारतीय वैद्यकाच्या व्यावसायिकांसाठी १९६१ च्या अधिनियमाने तशी अनुज्ञा नोंदणीच्या रूपाने ठेवली. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीसारख्या गावांत हाडवैद्याची पारख मात्र मुरगळलेले मनगट पुन्हा वळू लागले की नाही, यावरून होते. पुष्कळ दुखणी आपोआपही बरी होत असल्याने ही कसोटी अपुरी असली, तरी ती निदान सर्वांच्या डोळ्यांसमोर पडताळता येते. क्रेनिओसेक्रल लयीचे तसे नाही. जॉन अपलेजर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या संस्थेने या पद्धतीचे प्रशिक्षण दूरवर पसरवले, परंतु एकाच व्यक्तीची लय दोन प्रशिक्षित परीक्षकांनी मोजली असता त्यांची मोजमापे जुळत नाहीत, असे चाचण्यांत दिसून आले आहे. त्यामुळे हे प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरा झाल्याची साक्ष देते, त्या लयीच्या अस्तित्वाची साक्ष त्यातून मिळत नाही, आणि वेदनेने गांजलेल्या रोग्याला उपचाराआधीच हा भेद स्पष्ट सांगितला जाणे हा त्याचा हक्क आहे.