मूळ रहिवासी



अमेरिकेत टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवर ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचे डोंगर आहेत. दाट झाडी आणि तिच्याखालून धावणारे थंडगार ओढे. काही तर उडी मारून ओलांडता येतील एवढेच. या ओढ्यांत ब्रूक ट्राउट हा मासा राहतो. पाठीवर फिकट नागमोडी रेघा, अंगावर लाल ठिपके, ठिपक्यांभोवती निळं कडं, पोटाखालच्या परांना पांढरीशुभ्र किनार. इतका नटलेला, पण वरच्या ओढ्यांत वाढतो जेमतेम वीतभर.

या वीतभर माशासाठी माणसं गळ घेऊन डोंगर चढतात. पाणी नितळ, तळाचा खडा न् खडा दिसतो. पण मग माशालाही काठावरचा माणूस दिसतोच की. पाण्यावर सावली पडली की मासा दगडाखाली पसार. तो प्रवाहाकडे तोंड करून वाहत येणाऱ्या खाण्याची वाट बघत असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या अंगाने, वाकून, कधी चक्क रांगत जायचं. डोक्यावर रोडोडेंड्रॉनच्या फांद्यांचं छत, त्यामुळे काठी ऐटीत फिरवायला जागाच नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी मनगटाच्या हलक्या झटक्याने डोहात टाकायची. उंचावरच्या या पाण्यात खायला फारसं नसतं, तेव्हा मासा चोखंदळपणा करत नाही, झडप घालतो. मग हात ओला करून त्याला धरायचं, क्षणभर बघायचं आणि बरेच जण करतात तसं परत पाण्यात सोडायचं. आवडीने मासे खाणाऱ्या मला हे शेवटचं अजून नीटसं पचलेलं नाही.

हा तिथला एकमेव मूळचा ट्राउट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकूड कंपन्यांनी हे डोंगर उघडेबोडके केले. सावली गेली, पाणी तापलं, ओढ्यांत गाळ भरला. ब्रूक ट्राउटला थंड पाणीच लागतं. तापमान वीस अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल. तो वर सरकला. खालच्या रिकाम्या पाण्यात हौशी मंडळींनी पश्चिमेकडचा रेनबो ट्राउट आणून सोडला. 1934 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, झाडी पुन्हा वाढली, पाणी निवलं. रेनबो मात्र हटला नाही.

मासा कमी होतोय म्हटल्यावर पहिला संशय गळवाल्यावर. 1976 साली उद्यानाने ब्रूक ट्राउटचे ओढे मासेमारीला बंद केले. तब्बल तीस वर्षांनी, पुरेसा अभ्यास करून, 2006 मध्ये ते पुन्हा उघडले, कारण गळाने त्याच्या संख्येत फरक पडत नव्हता. खरी अडचण शेजाऱ्याची, म्हणजे रेनबोची होती. मग धबधब्याच्या वरचे ओढे निवडले, म्हणजे रेनबोला खालून चढून येता येऊ नये. तिथून रेनबो काढून टाकले आणि जुना रहिवासी परत आणून वसवला. लिन कॅम्प प्राँग या ओढ्यावर असं काम 2008 मध्ये सुरू झालं. तो मासेमारीला खुला व्हायला 2015 उजाडलं. बाहेरचा मासा सोडायला एक बादली पुरली असेल, काढायला वर्षं लागली.

इथवर आपली सगळी माया ब्रूक ट्राउटवर जमली असेल. माझीही जमली होती. पण याच माशाला माणसांनी उलट पश्चिमेकडेही नेलं. तिथल्या थंड ओढ्यांत तो असा काही रुजला, की गळ्याखाली लाल पट्टा मिरवणारा तिथला मूळचा कटथ्रोट ट्राउट कित्येक ठिकाणी नाहीसा झाला. रेनबोने पूर्वेला याचं जे केलं, तेच याने पश्चिमेला दुसऱ्याचं केलं. त्यात माशाला कसला दोष द्यायचा? यलोस्टोनच्या उद्यानात, लामार नदीच्या खोऱ्यात, म्हणूनच नियम आहे: कटथ्रोट मिळाला तर जपून परत सोडायचा, ब्रूक ट्राउट मिळाला, तर सोडायचा नाही, मारायचाच.