वाट पाहतानाचे जागेपण

बिदर ते कलबुरगी (पूर्वीचे गुलबर्गा) ही सुमारे 110 किलोमीटरची रेल्वे 1997-98 साली मंजूर झाली आणि तिचे उद्घाटन 29 ऑक्टोबर 2017 रोजी झाले. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर वीस वर्षांचे झाले होते. आमच्या या सीमाभागाला वाट पाहणे कोणी शिकवावे लागत नाही. हुमनाबादच्या स्टँडवर बसची वाट, रेशनच्या दुकानापुढे रांग, सरकारी दवाखान्यात नंबर, तहसील कचेरीत जमिनीच्या कागदाची वाट! आयुष्याचा एवढा मोठा वाटा ज्यात जातो, त्याला आपण 'फुकट गेलेला वेळ' म्हणतो. हे खरे आहे काय?

आम्हांस वाटते, फुकट जाते ते मन. शरीर बाकावर असते आणि मन पुढच्या गावी पोहोचलेले असते. पूर्वी आपण घड्याळाकडे पाहत बसत होतो, आता मोबाईलकडे पाहतो. शेजारच्या म्हातारीचा नंबर पुकारला गेला व तो तिला ऐकू आला नाही, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

वाट कशी पाहावी हे सांगताना याकोबाने आपल्या पत्रात शेतकऱ्याचे उदाहरण दिले आहे. आमचा कोरडवाहू शेतकरी मृगाची वाट पाहतो, तेव्हा तो रिकामा नसतो. कुळवाच्या पाळ्या झालेल्या असतात, तूर-उडदाचे बी निवडून ठेवलेले असते, वाऱ्याची दिशा तो रोज पाहतो. पाऊस आणणे त्याच्या हाती नाही. तयार असणे हाती आहे. शिमोन व हन्ना यांचेही असेच. मंदिरात बाळ घेऊन आलेल्या त्या गरीब आईबापांना इतरांनीही पाहिले असेल. पण जे जागेपणी वाट पाहत होते, त्यांनीच त्या बाळाला ओळखले.

मात्र येथे एक धोका आहे. धीर धरा, हा उपदेश ज्याला थांबावे लागत नाही त्याच्या तोंडी फार सोपा असतो. 'उद्या या' या दोन शब्दांनी रोजंदारीवरच्या माणसाची एका दिवसाची मजुरी बुडते. प्रभूच्या दाखल्यातली विधवा धीर धरते, पण गप्प बसत नाही. आणि तिला तिष्ठत ठेवणाऱ्या न्यायाधीशाला प्रभूने अन्यायीच म्हटले आहे. तेव्हा धीर हा आपल्या स्वतःच्या थांबण्यासाठी आहे. दुसऱ्याला थांबवून ठेवण्याचा तो परवाना नव्हे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी एखाद्याला तीन खेपा घालाव्या लागत असतील, तर मंडळीनेही स्वतःला तपासून पाहावे.

आणि एक थांबणे असे आहे की, ते आपण दुसऱ्याला देऊ शकतो. आमच्याकडील कित्येक मुले घरी कानडी बोलतात आणि शब्बाथ शाळेत मराठीत उत्तर देतात. प्रश्न विचारताच चुणचुणीत मुलाचा हात वर येतो आणि धडा पुढे जातो. शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या रविवारी तो हात क्षणभर थांबवा. मागे बसून मनात शब्द जुळवणाऱ्या लेकराकडे पाहा, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत घाई न करता वाट पाहा.