सोशिकपणाचं प्रमाणपत्र

मंडळीतली एखादी वयस्कर बाई प्रभूघरी गेली की स्मरणसभेत नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय हमखास वाचला जातो. त्यानंतरची भाषणं मात्र त्या अध्यायाला सोडून भलतीकडेच जातात. बाई फार सोशिक होत्या, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत, संसार सांभाळून महिला मंडळाचं काम केलं, स्वतःसाठी काही मागितलं नाही. हा गौरव मला अलीकडे ऐकवत नाही. त्या अध्यायातली स्त्री पारखून शेत विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, व्यापाऱ्यांना माल पुरवते, गरिबाला हात देते आणि तोंड उघडते तेव्हा शहाणपणाचं बोलते. तिच्या गप्प राहण्याबद्दल तिथे अवाक्षर नाही. मराठी ख्रिस्ती बायकांच्या इतिहासातही गप्प बसणं हा भक्तीचा पुरावा नव्हता.

सुरुवातीचा काळ सर्वांना ठाऊक आहे. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं, नगरला फरारबाईंची शाळा चालली, सावित्रीबाई फुल्यांनी तिथे अध्यापनाचे धडे घेतले. पुढे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र सांगणाऱ्या, वाचायला शिकवणाऱ्या बायबल बायका आल्या. त्यांना या कामाचा पगार मिळे, हे आज कुणी सांगत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे यजमान १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण त्या त्यांच्यामागून लगेच गेल्या नाहीत. पाच वर्षं थांबल्या, जातिभेदाचा प्रश्न स्वतःच्या डोक्याने सोडवला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

खरा घोटाळा पंडिता रमाबाईंच्या बाबतीत झाला आहे. १८८२ ची आर्य महिला समाजाची, हंटर कमिशनपुढे साक्ष देणारी रमाबाई सुधारकांना हवी असते. पुढची केडगावची रमाबाई त्यांना हातची गेलेली वाटते. मंडळीतल्या वक्त्यांना नेमकी केडगावची हवी असते: वाद संपवून प्रार्थनेला बसलेली, नम्र. दोघांचं म्हणणं एकच होतं, की श्रद्धा वाढली तशी बाई लहान होत गेली.

घडलं ते उलट. १८८९ साली मुंबईत उघडलेलं आणि पुढे पुण्याला नेलेलं शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. बोस्टनच्या मंडळाचं पाठबळ दहा वर्षांचं, आणि अट अशी की संस्थेत धर्मशिक्षण द्यायचं नाही. मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला येऊन बसतात यावरून १८९३ साली वादळ उठलं आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. १८७० च्या दशकात त्यांनी स्वतःचे आईवडील आणि बहीण उपासमारीत गमावले होते. भुकेने माणूस कसा मरतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. शेकडो मुली त्यांनी आणल्या, आणि या वेळी जात विचारली नाही. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावला आधीच घेतलेल्या शेतात तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मग विहिरी, शेती, हातमाग, छापखाना, अंध मुलींची शाळा. सुधारकांनी विधवेचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा कुणब्याची, महाराची उपाशी पोर त्यांच्या यादीत फारशी नव्हती. ती रमाबाईंच्या यादीत आली, आणि तिला आणणारी ही केडगावची भाविक बाईच होती.

त्याच १८९७ साली पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या कारभाराविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. संस्था कुठल्याही एका पंथाच्या हवाली केली नाही. मुलगी मनोरमा हाताखाली तयार केली ती संस्था चालवायला. संसार आणि सेवा अशी वाटणी त्यांच्या आयुष्यात शोधूनही सापडत नाही.

दुष्काळात आश्रयाला आलेल्या मुलींनी स्वीकारलेला धर्म कितपत मोकळेपणाने स्वीकारला, हा प्रश्न उरतोच. तो रास्त आहे, आणि रमाबाईंवर प्रेम करणाऱ्यांनी तो झटकू नये. पण त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना त्यांना आज्ञाधारक ठरवायची गरज नाही. शेवटची अनेक वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यात घालवली. आश्रमातल्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींनी खिळे जुळवून ते छापलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम चालू होतं. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि ग्रंथ १९२४ ला निघाला. बिशप आणि विद्वान असताना एका बाईने शास्त्राला हात घालावा, हे धाडस शरणागतीतून येत नाही.

या धाडसाची मुळं त्यांच्या इंग्लंडमधल्या दिवसांत आहेत. १८८३ साली वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर पुढची दोन वर्षं त्या त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद घालत राहिल्या. त्यांच्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी ती निमूट मान्य केली नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोकळी झाले ती दुसऱ्याच्या खाली जायला नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डाइन यांना हा गर्व वाटला, आणि त्यांनी तसं सांगितलंही. तरीही दोघींमधली ही पत्रं जेराल्डाइनबाईंनीच जपली आणि जुळवून ठेवली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली ती इंग्रजीत छापली. बाप्तिस्मा घेतलेली एक पंचविशीतली मराठी बाई तिथे पानोपानी प्रश्न विचारते आहे, आणि प्रत्येक पत्रात ती देवावरचा विश्वासही सांगते आहे.