चक्रावरची फुली

हुबळीच्या बेंगेरी भागात एक आजी राहायची. १९५७ साली स्थापन झालेल्या खादी संघाचं तिथं केंद्र आहे. तिथं राष्ट्रध्वज तयार होतात. आजीनं कितीतरी वर्षं तिथल्या शिलाई मशिनवर केशरी, पांढरा आणि हिरवा पट्टा एकमेकांना जोडला होता.

एकदा तिच्या नातीला शाळेत काम मिळालं. २६ जानेवारीच्या संध्याकाळी ध्वज उतरला की त्याची घडी तिनं घालायची.

"घडीच तर घालायची आहे," नात म्हणाली. "त्यात शिकायचं काय?"

आजीनं जुन्या वहीचा कागद घेतला. नऊ इंच लांब, सहा इंच रुंद कापला. ध्वज वीतभर असो की एकवीस फुटी, माप तीनास दोन हेच. तिनं दोन रेघा मारून तीन पट्टे केले. मधल्या पट्ट्यात रुपया ठेवून चक्र काढलं, चोवीस आरे ओढले.

"घाल घडी."

नातीनं कडेला कड मिळवली. कागद अर्धा केला, मग पाव केला, पुन्हा दुमडला, आणखी एकदा दुमडला. प्रत्येक घडी नखानं दाबली. काड्यापेटीएवढा चौकोन झाला. पोरीचा हात चांगला होता.

आजीनं कागद उघडला. चक्रावर फुली उमटली होती.

नातीनं ती तळहातानं घासली. उलट्या बाजूनं दाबली. फुली गेली नाही.

"पण आजी, घडी सरळ आहे ना?"

"सरळ आहे. म्हणून तर नेमकी चक्रावर आली."

आजीनं दुसरा कागद आखला. केशरी पट्टा मागे वळवला, हिरवा मागे वळवला, दोघांची बोटभर कड तेवढी दिसत ठेवली. मग डावी बाजू मागे, उजवी बाजू मागे. वर चक्र राहिलं, अख्खं.

"काय दुमडायचं नाही, ते आधी ठरवायचं," आजी म्हणाली. "मग घडी घालायची."

नातीनं त्या आठवड्यात अख्खी वही संपवली.

२६ तारखेला सूर्य मावळायच्या आत ध्वज उतरला. दोन मुलींनी टोकं धरली, नातीनं घडी घातली. काखेत न धरता, दोन्ही तळहातांवर घेऊन ती कपाटापर्यंत चालत गेली.

१५ ऑगस्टला कपाट उघडलं. बाजूच्या घड्या सुटल्या, केशरी वर गेला, हिरवा खाली आला. पांढऱ्यावर दोन उभ्या रेघा होत्या. त्यांच्या मधोमध चक्र होतं, आजीच्या सोबतिणींनी छापलं होतं तसंच.